दहा सेकंदांचा उंबरठा

8 जानेवारी 2020, सकाळचे सव्वासहा. तेहरानच्या इमाम खोमेनी विमानतळावरून युक्रेनचं प्रवासी विमान कीवकडे निघालं. जवळच तैनात असलेल्या क्षेपणास्त्र-गाडीतल्या इराणी सैनिकाला रडारवर एक ठिपका दिसला. वरिष्ठांशी संपर्क होईना. निर्णयाला दहाच सेकंद होते, असं इराणच्या रिव्होल्यूशनरी गार्ड या लष्करी दलाच्या हवाई विभागाच्या प्रमुखांनी नंतर सांगितलं. सैनिकाने दोन क्षेपणास्त्रं सोडली. विमानातली 176 च्या 176 माणसं गेली.

पाच दिवसांपूर्वी अमेरिकेने बगदाद विमानतळाजवळ इराणचे जनरल कासिम सुलेमानी यांना ड्रोनहल्ल्यात मारलं होतं. इराण सूड घेणार हे उघड होतं. कुठे, केव्हा, केवढा, हे मात्र सांगता येत नव्हतं. अखेर विमान पडण्याच्या काही तास आधी, त्याच रात्री, इराणने इराकमधल्या ऐन अल-असद आणि एरबीलच्या, अमेरिकी सैनिक असलेल्या तळांवर क्षेपणास्त्रं डागली. इराकला आधी कळवलेलं होतं. अमेरिकेचा एकही सैनिक दगावला नाही, पण स्फोटांच्या दाबलहरींनी शंभराहून अधिक जणांच्या मेंदूला इजा झाली. आता उत्तराची वाट पाहण्याची पाळी इराणची होती. इराणमधली 52 ठिकाणं हेरून ठेवल्याचं ट्रम्प यांनी आधीच जाहीर केलं होतं.

अशा वाट पाहण्याने माणसाच्या डोक्यात काय होतं, याचं गणित रडारवरच्या कामातूनच पुढे आलं आहे. पडद्यावर खरा संकेत आणि नुसती खरखर मिसळलेली असते. कितपत खात्री झाली की ‘शत्रू’ म्हणायचं, तो उंबरठा पाहणारा मनात ठरवतो. धोका जवळ वाटू लागला की उंबरठा खाली येतो. बाळाला निजवून न्हायला गेलेल्या आईला पाण्याच्या आवाजातही रडणं ऐकू येतं, ते यामुळेच. खरं रडणं निसटू नये म्हणून कान खोटं रडणंही ऐकतात. उंबरठा खाली आणला तर खोटे इशारे वाढतात, वर नेला तर खरे निसटतात. नुसता तो हलवून दोन्ही चुका एकदम कमी करता येत नाहीत. मला या प्रकरणातली ही सगळ्यात भीषण गोष्ट वाटते.

इराणच्या नागरी विमान संघटनेच्या अहवालानुसार गाडीची जागा बदलल्यावर रडारची उत्तर दिशा नीट जुळवलीच नव्हती. 107 अंशांची चूक राहिली होती. त्यामुळे विमान भलत्याच दिशेने येताना दिसलं. एरवी ही विसंगती कुणाला तरी खटकली असती. पण मनी वसे ते पडद्यावर दिसलं.

1988 च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या ‘व्हिन्सेन्स’ युद्धनौकेवर असंच झालं होतं. इराणचं प्रवासी विमान वर चढत होतं, यंत्रांतही तशीच नोंद होत होती. पण चकमकीच्या तणावातले नौसैनिक ते खाली झेपावत असल्याचं सांगत राहिले. 290 जीव गेले.

दहा सेकंदांत कुणाचाही उंबरठा सुधारता येत नाही. पण पडद्यावर प्रवासी विमानाचा ठिपका येऊच नये, एवढं करता येतं. 8 जानेवारीच्या त्या सकाळी तेहरानचं आकाश नागरी विमानांना खुलं होतं.