मॅचमधली जाहिरात आणि मॅचमधला पाहुणा

गेल्या उन्हाळ्यात बाबा तीन महिने आमच्याकडे अमेरिकेत होते. रात्री जेवणं झाली की आम्ही बेसबॉल लावायचो. खेळाचे नियम त्यांना दोन आठवड्यांत कळले. कळेना तो चौथ्या इनिंगमधला माणूस. कॉमेंटरी बूथमध्ये दोन कॉमेंटेटरांच्या मध्ये तिसरी खुर्ची आली, कोट घातलेले एक गृहस्थ हेडसेट लावून बसले आणि टीव्हीच्या पडद्याचे दोन चौकोन झाले. एकात हे गृहस्थ, दुसऱ्यात मॅच. पहिला प्रश्न नव्या पिचरबद्दल, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याबद्दल होता, दुसरा स्टेडियमबाहेर उभ्या राहणाऱ्या इमारतींबद्दल. त्यानंतर इमारतीच इमारती. अपार्टमेंट किती, हॉटेल कुठलं, खाली रेस्टॉरंट कुठली येणार, मॅच नसतानाही लोकांनी तिकडे कसं यायला हवं. मधेच बॅटरनं उजव्या कोपऱ्यात सणसणीत डबल मारला. कॉमेंटेटरनं तो अर्ध्या वाक्यात उरकला आणि पुन्हा पार्किंगच्या सोयीकडे वळला.

बाबांची सगळी नोकरी बँकेच्या गृहकर्ज खात्यात गेली. त्यांनी चष्मा पुसून विचारलं, "अरे, हे बिल्डर आहेत का रे?"

"नाही बाबा, संघाचे प्रेसिडेंट आहेत."

"मग भाव का सांगत नाहीत?"

मी हसलो, पण प्रश्न नेमका होता. त्याच इनिंगनंतरच्या ब्रेकमध्ये कुठल्याशा अपार्टमेंटची तीस सेकंदांची जाहिरात लागली. तिच्यात महिन्याचं भाडं कितीपासून सुरू, हे होतं, फोन नंबर होता, तळाशी मुंग्यांएवढ्या अक्षरांत अटीही होत्या. दोन्हींत विकायचा माल एकच, जागा. तरी एक जाहिरात होती आणि दुसऱ्या प्रकाराला काय म्हणायचं हे घरात कुणालाच सुचेना. अमेरिकेत बेसबॉल पाहणारे पुष्कळजण या दोन्हींना एका माळेत ओवतात. "काय करणार, सगळं स्पॉन्सर्डच आहे" म्हणतात आणि सोडून देतात. मला ते पटत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि कटकटीची वाटते ती जाहिरातच त्यातली सरळ आहे.

जाहिरातीचा वंश जुना. न्यूयॉर्क यांकीजचे कॉमेंटेटर मेल ॲलन होमरनला, म्हणजे बेसबॉलमधल्या सिक्सरला, 'बॅलंटाइन ब्लास्ट' म्हणायचे, कारण बॅलंटाइन बिअर स्पॉन्सर होती. व्हाइट आउल सिगार स्पॉन्सर असायचा तेव्हा तोच होमरन 'व्हाइट आउल वॉलप' व्हायचा. आपल्याला हे नवं नाही. आयपीएलच्या पहिल्या पाच हंगामांत, २००८ ते २०१२, मुख्य प्रायोजक होती डीएलएफ, म्हणजे चक्क बांधकाम कंपनी, आणि सीमेपार गेलेला प्रत्येक सिक्सर 'डीएलएफ मॅक्सिमम' व्हायचा. कान किटले होते. पण त्या वैतागातही एक गोष्ट कुणापासून लपलेली नव्हती. पैसे कुणी दिले, कशासाठी दिले, हे सातवीतल्या पोरालाही ठाऊक होतं. डीएलएफनं पैसे मोजले, बोर्डानं घेतले, कॉमेंटेटरनं शब्द उच्चारला. देणारा वेगळा, घेणारा वेगळा, मधे करार.

बूथमधल्या पाहुण्याचं गणित याच ठिकाणी बिघडतं. तिथे देणारा आणि घेणारा बऱ्याचदा एकाच घरातले असतात.

शिकागोचं उदाहरण घ्या. रिकेट्स कुटुंबानं २००९ मध्ये कब्ज हा संघ आणि त्याचं १९१४ सालचं रिग्ली फील्ड विकत घेतलं. मग याच कुटुंबाच्या रिअल इस्टेट कंपनीनं स्टेडियमच्या आसपासच्या जागा विकसित केल्या. समोर २०१८ मध्ये हॉटेल झॅकरी उघडलं. नाव रिग्ली फील्डचे आर्किटेक्ट झॅकरी टेलर डेव्हिस यांच्यावरून. २०२० मध्ये मार्की स्पोर्ट्स नेटवर्क हे चॅनेल सुरू झालं, त्यात कब्ज आणि सिंक्लेअर ही प्रसारण कंपनी भागीदार. म्हणजे मैदान, मैदानासमोरचं हॉटेल आणि ते दाखवणारा कॅमेरा, तिन्हींच्या मागे फिरून तेच घर. अशा चॅनेलवर मालक बूथमध्ये येऊन बसले, तर त्या दहा मिनिटांचं बिल कोण कुणाला फाडणार? या खिशातून काढून त्या खिशात ठेवायचं, तर पावती कसली?

अमेरिकेच्या १९३४च्या कम्युनिकेशन्स ॲक्टचं कलम ३१७ सांगतं की पैसे घेऊन काही प्रसारित केलंत, तर कुणाकडून घेतले ते श्रोत्यांना सांगा. हे कलम रेडिओ आणि हवेतून येणाऱ्या टीव्ही केंद्रांसाठी लिहिलेलं आहे. त्याची सगळी भिस्त 'पैसे घेतले' या घटनेवर. घरच्या माणसानं घरच्या दिवाणखान्यात बसून घरच्या मालाचं कौतुक केलं, तर पैसे घेतलेच कुठे? आपल्याकडच्या पेड न्यूजमध्ये निदान पाकीट तरी असतं.

पाहुण्याची दुसरी खूण म्हणजे दुसरा प्रश्न कधीच येत नाही. "किती जागा आहे?" हा पहिला प्रश्न. "त्यातला सरकारी पैसा किती?" हा दुसरा. तो कॉमेंटेटर विचारत नाही, कारण स्थानिक प्रक्षेपणातले बहुतेक कॉमेंटेटर संघाच्या किंवा संघाशी बांधलेल्या चॅनेलच्या पगारावर असतात. २०२३ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्स या संघाचे कॉमेंटेटर केविन ब्राऊन यांनी, संघाची आधीच्या वर्षांत टँपा बेच्या मैदानावर कशी दैना उडाली होती, ते मॅचआधी बोलून दाखवलं. पडद्यावर तेच आकडे झळकत होते आणि ते संघाच्याच टिपणातून आलेले होते. तरी ब्राऊन काही काळ प्रक्षेपणातून गायब झाले. चॅनेल होतं मासन, आणि त्यात मोठा वाटा ओरिओल्सचा. हरलेल्या मॅचेस मोजल्या म्हणून ही वेळ येते, तर अध्यक्षांना जमिनीचा हिशेब विचारणाऱ्याचं काय होईल, हे त्या बूथमधल्या प्रत्येकाला न सांगता कळतं. कॉमेंटेटरांवर म्हणूनच माझा राग नाही. त्यांनाही घराचे हप्ते आहेत.

तर मग संघाच्या साहेबांना अपार्टमेंटबद्दल बोलायची एवढी हौस का? हे समजलं की पाहुणा जास्त स्पष्ट दिसतो. मेजर लीग या बेसबॉलच्या मुख्य स्पर्धेच्या २०२२ ते २०२६च्या करारानुसार प्रत्येक संघ आपल्या स्थानिक उत्पन्नाचा, म्हणजे तिकिटं, स्थानिक टीव्ही हक्क वगैरेंचा, खर्च वजा जाता ४८ टक्के भाग सामाईक पेटीत टाकतो आणि ती पेटी सगळ्या संघांत वाटली जाते. स्टेडियमबाहेरच्या अपार्टमेंटचं आणि ऑफिसचं भाडं साधारणपणे या पेटीत मोजलं जात नाही. त्यात केबल टीव्हीचा धंदा खचत चाललाय. डझनभर संघांच्या मॅचेस दाखवणारी डायमंड स्पोर्ट्स ग्रुप ही कंपनी मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. पिचरचा खांदा निखळला तरी भाडेकरू एक तारखेला भाडं भरतोच. मालकांचा जीव जमिनीत का गुंतलाय, यावर वेगळं भाष्य कशाला?

अटलांटा ब्रेव्ह्जनी हे सगळ्यांत उघडपणे केलं. ११ नोव्हेंबर २०१३ला त्यांनी शहरातलं टर्नर फील्ड हे मैदान सोडून शेजारच्या कॉब काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) जाणार म्हणून जाहीर केलं. पंधराच दिवसांत, २६ तारखेला, काउंटीच्या आयोगानं चार विरुद्ध एक मतानं मंजुरी दिली. जनमत घेतलं गेलं नाही. काउंटीच्या वाट्याला साधारण ३० कोटी डॉलरचा खर्च आला. पुढे २०१६च्या निवडणुकीत आयोगाचे अध्यक्ष टिम ली घरी गेले आणि एप्रिल २०१७ मध्ये स्टेडियम उघडलं. लगतच 'द बॅटरी अटलांटा', म्हणजे अपार्टमेंट, ऑफिसं, ओम्नी हॉटेल, थिएटर, दुकानं. २०२३ पासून ब्रेव्ह्जची कंपनी शेअर बाजारात स्वतंत्रपणे नोंदलेली आहे, त्यामुळे तिला हिशेब छापावा लागतो. त्या हिशेबात दोनच रकाने आहेत, बेसबॉल आणि रिअल इस्टेट. २०२४ मध्ये एकूण सुमारे ६६ कोटी डॉलर उत्पन्नातले सुमारे ६.७ कोटी दुसऱ्या रकान्यातले.

आकडा बेसबॉलच्या मानानं लहान वाटेल, पण तो हार-जीत बघत नाही. आणि बॅटरी खरोखर गजबजलेली असते, हेही खरं. मी संध्याकाळी तिथे फिरलोय. लहान मुलं लॉनवर लोळत असतात, बिअरच्या रांगा असतात, बरं वाटतं. प्रश्न आहे तो पैसा कुणाचा आणि परत कुणाला मिळतो, हा. केनेसॉ स्टेट विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ जे. सी. ब्रॅडबरी यांनी कॉबचा हिशेब मांडला आणि करदात्यांना हा सौदा तोट्यात गेल्याचं लिहिलं. संघाचं म्हणणं अर्थात उलट आहे. दोन्ही बाजू बूथमध्ये बसल्या, तर मला ती चौथी इनिंग आवडेल. बसते एकच.

याच ब्रेव्ह्जनी २०२५ मध्ये स्टेडियमलगतचं 'पेनंट पार्क' हे ऑफिस-संकुल घेतलं. नाव वाचून मी थबकलो. शंभर वर्षांपूर्वी, फ्लोरिडात जमिनींचा उन्माद होता तेव्हा, न्यूयॉर्क जायंट्सचे मॅनेजर जॉन मॅकग्रॉ यांनी सारासोटात प्लॉट विकायला काढले होते. त्या योजनेचं नाव 'पेनंट पार्क'च. ती बुडाली. त्यासाठी बूथ लागला नाही, मॅकग्रॉ यांचं नावच पुरेसं होतं. या दोन पेनंट पार्कांचा आपसात काही संबंध नाही. मला गंमत वाटली म्हणून सांगितलं. उलट्या दिशेनंही वाट आहेच. टँपा बे रेज हा संघ २०२५ मध्ये ज्या मंडळींनी घेतला, त्यांचे म्होरके पॅट्रिक झालुप्स्की यांचा मूळ धंदाच घरबांधणीचा.

जाहिरात आणि पाहुणा या दोन्हींच्या मधला एक प्रकार आहे, तो फसवा. रिग्ली फील्डशेजारच्या चौकाचं नाव 'गॅलाघर वे'. ही विमाक्षेत्रातली कंपनी. कॉमेंटेटर "आज गॅलाघर वेवर काय गर्दी आहे!" म्हणतो तेव्हा तो पत्ता सांगतोय की जाहिरात करतोय? दोन्ही. पण कंपनीनं नावाचे पैसे मोजलेत, म्हणून मी याला 'मॅक्सिमम'च्या बाजूला टाकतो. पैशाचा माग लागतो तोवर माझी फारशी तक्रार नसते.

उलट, प्रत्येक पाहुणाही जाहिरात नसतो. ट्रेडच्या, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीच्या, शेवटच्या दिवशी जनरल मॅनेजर येऊन अमका खेळाडू का सोडला ते सांगतो, ते ऐकण्यासारखं असतं, कारण दुसऱ्या मिनिटाला त्याला अडचणीत आणणारा प्रश्न निदान शक्य असतो. ट्रेड फसला तर तो सगळ्यांना दिसतो. अपार्टमेंट रिकामी राहिली तर टीव्हीवर दिसत नाही.

बाबांना मी महारेराची आठवण करून दिली. ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात प्रकल्पाच्या जाहिरातीवर नोंदणी क्रमांकासोबत क्यूआर कोडही लागतो. स्कॅन करा, मंजुऱ्यांची कागदपत्रं बघा. ते म्हणाले, "माणसाच्या कपाळावर कुठे चिकटवणार कोड?"

जाण्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनीच टीव्ही बंद करून रेडिओवर मॅच लावायला सांगितली. त्या रात्रीही पाचव्या इनिंगमध्ये एक साहेब बूथमध्ये आले. पण रेडिओवर पडद्याचे चौकोन करता येत नाहीत. कॉमेंटेटरनं चेंडू सांगितला नाही, तर ऐकणाऱ्याला मॅचच उरत नाही. साहेब तळमजल्यावरच्या दुकानांपर्यंत पोचले होते, तेवढ्यात शॉर्टस्टॉप या फिल्डरकडे ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून चेंडू, गेला. कॉमेंटेटर त्यांच्या वाक्याच्या मधोमध घुसला, चेंडू सेकंडवर, तिथून फर्स्टवर, डबल प्ले, दोघे आऊट, इनिंग संपली. जाहिरात लागली. ब्रेकनंतर साहेब नव्हते, आणि दुकानांचं काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही.