लाकडी जमिनीवरील रंगाचे डाग काढणे

सागवान, ओक इ. कठीण लाकडाच्या फळ्यांच्या जमिनीवर भिंतीचे रंगकाम चालू असताना पडून वाळलेले थेंब व ओघळ, फळीवरील पॉलिशला धक्का न लावता काढण्याची क्रिया. ‘कठीण लाकूड’ ही संज्ञा वनस्पतिशास्त्रात रुंद पानांच्या वृक्षांना लावतात, प्रत्यक्ष कठीणपणाला नव्हे. त्यामुळे मध्यम कठीण असलेला सागही त्यात येतो.

इंदूरमध्ये लाकडी जमीन दोन प्रकारांनी आढळते. जुन्या मराठी घरांच्या माडीवरील तक्तपोशी (फळ्या जोडून केलेली जमीन) हा एक प्रकार. होळकरांच्या राजवाड्याच्या सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी व वरचे लाकडी होते, हे या बांधणीचे ठळक उदाहरण होय (१९८४ च्या आगीत या वास्तूची मोठी हानी झाली). दुसरा प्रकार यूरोपीय वळणाचा असून, लालबाग राजवाड्यातील नृत्यगृहाची स्प्रिंगांवर बसविलेली लाकडी जमीन त्यात मोडते. या राजवाड्याचा बांधणीकाळ सामान्यतः १८८६ ते १९२१ असा देतात. घरगुती डाग बहुधा दिवाळीपूर्वीच्या रंगसफेदीत पडतात. तिला इंदूरकडील मराठी बोलण्यात सर्रास ‘पुताई’ म्हणतात.

डाग कोणत्या रंगाचा, यापेक्षा तो कोणत्या पॉलिशवर पडला आहे, हे आधी ठरविणे महत्त्वाचे असते. जुन्या फळ्यांवर बहुधा चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिश असते. लाख हा ‘केरिया लॅका’ या कीटकाचा राळयुक्त स्राव होय. ‘लाक्षा’ हे नाव अथर्ववेदातील एका सूक्तात (५.५) येते. एका फांदीवर लक्षावधी कीटक वसतात, म्हणून संख्यावाचक ‘लक्ष’पासून ‘लाक्षा’ शब्द आला, अशी लोकप्रिय व्युत्पत्ती आहे. तथापि ती मागाहून जुळविलेली असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण संस्कृतात त्याच अर्थी ‘राक्षा’ हे रूपही नोंदलेले आहे आणि त्याचा संख्येशी मेळ बसत नाही. ‘फ्रेंच पॉलिश’ म्हणून ओळखली जाणारी, बोळ्याने पातळ थर चढविण्याची पद्धत यूरोपात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली, असे साधारणपणे धरतात. पॉलियुरेथेनाचे रसायन १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केले. त्यावर आधारलेले ‘पीयू’ पॉलिश बरेच अलीकडचे आहे.

ओळख पटविण्यासाठी कपाटाखालच्या कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब टाकून थोड्या वेळाने बोट लावून पाहतात. जागा चिकट झाली, तर ते लाखेचे पॉलिश. काहीच फरक पडला नाही, तर बहुधा पीयू. लाख स्पिरिटप्रमाणेच धुण्याचा सोडा, अमोनिया यांसारख्या अल्कधर्मी द्रावणांतही विरघळते आणि सुमारे ७५° से. ला मऊ पडते. म्हणून तिच्यावर सोड्याचे पाणी किंवा गरम हवेचे यंत्र वापरणे घातक ठरते. चुन्याचा ओला ओघळही याच कारणाने लगेच पुसावा लागतो.

इमल्शनचा (पाण्यात मिसळणाऱ्या भिंतीच्या रंगाचा) वाळलेला पापुद्रा पाण्यात विरघळत नाही, पण फुगतो व मऊ होतो. साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेले फडके डागावर पाच-दहा मिनिटे ठेवले, की बाजरीच्या दाण्याएवढ्या थेंबाची कड नखाने उचलली जाते; मग प्लास्टिकची पट्टी जवळजवळ आडवी धरून लाकडाच्या रेषांच्या दिशेने सरकवितात. फडके ठिबकते असल्यास लाखेवर पांढुरका डाग उमटतो. पीयूवर स्पिरिटचा बोळा क्षणभर फिरविला तरी चालतो. लाखेवर तोच बोळा रंगाबरोबर पॉलिशही उचलतो.

तेलरंगाबाबत टर्पेंटाइनचा सल्ला सर्वत्र दिला जातो. तो ओल्या रंगापुरताच खरा आहे. तेलरंग केवळ द्रावक उडून जाऊन वाळत नाही, तर हवेतील ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात व असा पापुद्रा टर्पेंटाइनला दाद देत नाही. थिनर त्याला मऊ करतो खरा, पण लाख व मेलामाइन (कृत्रिम राळेचे एक पॉलिश) या दोन्ही पॉलिशांना त्यापासून धोका असतो. त्यामुळे जवसाच्या तेलाचा हात देऊन पट्टीने थर थोडा थोडा उचलणे, हाच मार्ग येथे अधिक विश्वसनीय समजावा. फळ्यांच्या सांध्यांत शिरलेला रंग बांबूच्या काडीने कोरून काढतात. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावी लागतात.

पॉलिश पेपर घासणे टाळावे. घरगुती रंगातील शिशावर भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा लागू झाली. त्याआधीच्या रंगांत शिसे अधिक असू शकते आणि कोरड्या घासणीने त्याची धूळ श्वासात जाते.

एवढे करूनही पॉलिश खरवडले गेल्यास, लाखेचा नवा थर जुन्या थराला किंचित विरघळवून त्यात मिसळतो व जोड दिसत नाही. पीयूवर मात्र ठिगळ उठून दिसते आणि बहुधा पूर्ण फळी घासून नव्याने पॉलिश करावी लागते.