आर्किटेक्चरनुसार फेल होणाऱ्या टेस्ट (पॅकेज मेंटेनन्स)

लिनक्स डिस्ट्रोच्या (लिनक्सवर उभारलेल्या तयार सिस्टिमच्या) पॅकेजिंगमधली, म्हणजे प्रोग्रॅम बांधून वाटण्याच्या कामातली, नेहमीची डोकेदुखी. प्रोग्रॅम नीट चालतो का ते तपासणारी टेस्ट मूळ लेखकाच्या लॅपटॉपवर पास होते आणि भलत्याच एखाद्या प्रोसेसरवर आपटते. ही नोंद मुख्यतः डेबियन या डिस्ट्रोला धरून आहे, तिथे प्रत्येक आर्किटेक्चरचं (प्रोसेसरच्या प्रकाराचं) बिल्ड मशीन पॅकेज वेगळं बांधतं आणि बांधतानाच टेस्ट चालवतं, म्हणून आधी जिथे बनत होतं तिथे एकदा फसलं की पॅकेज 'टेस्टिंग'मध्ये (पुढच्या आवृत्तीसाठी तयार होणाऱ्या शाखेत) जायचं अडून बसतं.

कारणं बहुतेक ठरलेली असतात. एस390एक्स (आयबीएमच्या मेनफ्रेमचं आर्किटेक्चर) बिग-एंडियन आहे, म्हणजे आकड्याचा मोठा बाइट आधी ठेवतं, एक्स86 च्या उलट, त्यामुळे मेमरीतले बाइट जसेच्या तसे फाइलमधून वाचणारा कोड असला की लॉगमध्ये 'अपेक्षित 1, मिळालं 16777216' असं येतं, आणि हा आकडा दिसला की चार बाइट उलटे वाचलेत हे सरावलेल्या माणसाला लगेच कळतं. सी भाषेतला साधा 'कॅर' (एका बाइटचा प्रकार) एक्स86 वर साइन्ड (ऋण आकडेही धरणारा) तर आर्म आणि पॉवर प्रोसेसरवर अनसाइन्ड (ऋण न धरणारा), म्हणून तिथे त्यात -1 साठवून केलेली तुलना कधीच जुळत नाही.

सगळ्यात जुना वाद आय386 (32 बिटांचं एक्स86) वरच्या अपूर्णांकांचा. त्यातलं अपूर्णांकांचा हिशोब करणारं एक्स87 युनिट 80 बिटांच्या रजिस्टरमध्ये हिशोब करतं, तीच किंमत मेमरीत ठेवली की 64 बिटांवर येते, म्हणजे नुसती कंपायलरच्या ऑप्टिमायझेशनची (कोड वेगवान करण्याची) पातळी बदलली तरी उत्तर हलतं. जीसीसी या कंपायलरच्या बग यादीत 323 नंबरची तक्रार याचीच, साधारण 2000 सालची, आणि पुढे कितीतरी तक्रारी तिचीच डुप्लिकेट ठरल्या. एक पक्ष म्हणतो हा हार्डवेअरचा स्वभाव, कंपायलर काय करणार. दुसरा म्हणतो, मधे काहीच न बदलता तीच तुलना एकदा खरी आणि एकदा खोटी निघत असेल तर दोष कंपायलरचाच. दुसरं म्हणणं जास्त पटतं, कारण जीसीसी 4.5 मध्ये सी साठी जादा अचूकता आवरायचा पर्याय शेवटी आलाच. आर्म64 वर गंमत वेगळी: गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत होते, मधलं राउंडिंग गळतं, उत्तर खरंतर जास्त अचूक येतं आणि तरीही शेवटचा अंक जुळत नाही म्हणून टेस्ट लाल.

अशा अपूर्णांकांना टेस्टमध्ये थोडा टॉलरन्स देणं रास्त. एंडियनच्या बाबतीत मात्र टेस्ट वगळली तर फाइल बिघडवणारा कोडच वापरणाऱ्याच्या हातात जातो, तेव्हा आधी पोर्टरबॉक्सवर (डेबियनने डेव्हलपरांना दिलेल्या त्याच आर्किटेक्चरच्या मशीनवर) ती एकटी टेस्ट चालवून बघावी (क्यूईएमयूवर, म्हणजे प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, प्रत्येक वेळी तसंच फेल होईल असं नाही) आणि दुरुस्तीचा पॅच अपस्ट्रीमला, म्हणजे मूळ लेखकांना पाठवावा. वगळायचीच झाली तर रूल्स फाइलमध्ये (पॅकेज कसं बांधायचं ते सांगणाऱ्या) होस्ट आर्किटेक्चर, म्हणजे पॅकेज ज्यावर चालणार ते, तपासून तेवढीच वगळतात, सरसकट 'नोचेक' (सगळ्या टेस्ट बंद) नाही. अगदीच जमलं नाही तर त्या आर्किटेक्चरवरचं आधी बांधलेलं जुनं पॅकेज डेबियनच्या आर्काइव्हमधून काढायची विनंती करतात. फेडोरा या दुसऱ्या डिस्ट्रोत यासाठी 'एक्सक्लूडआर्च' (या आर्किटेक्चरवर बांधू नका अशी सूचना) आहे, त्यासोबत बग नोंदवावा लागतो.