मुंबईत दुरुस्तीचे कारागीर कसे घडत होते

मुंबईतील कारखाने, रेल्वे आणि मोठ्या इमारतींच्या देखभाल-दुरुस्ती विभागांना मुरलेले फिटर, वेल्डर आणि वायरमन मिळत नाहीत, ही तक्रार भरतीची अडचण म्हणून मांडली जाते. तिचे मूळ मात्र कारागीर जिथे घडत होते त्या जागा बंद पडण्यात आहे.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी शहरातील पहिली कापडगिरणी स्थापन केली, तेव्हा यंत्रांबरोबर त्यांचे जाणकारही इंग्लंडहून आणावे लागले. स्थानिक तंत्रज्ञ तयार व्हावेत म्हणून १८८७ मध्ये आजची व्हीजेटीआय ही तंत्रशिक्षण संस्था सुरू झाली. तरीही बहुसंख्य कारागीर गिरण्यांच्या वर्कशॉपमध्ये आणि परळ-माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यांत तयार झाले. हेल्पर म्हणून लागलेला मुलगा मिस्त्रीच्या हाताखाली वर्षानुवर्षे राही आणि बेअरिंग जाण्याआधी त्याचा आवाज कसा बदलतो, हे कानानेच ओळखू लागे. स्वातंत्र्यानंतर आयटीआय आल्या, १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. पण या दोहोंमागे शिकवणारे वर्कशॉप गृहीत धरलेले होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्या संपाची चर्चा बहुधा मागावरच्या कामगारांभोवती फिरते, आणि त्यांचे नुकसान मोठेच होते. परंतु पुढे गिरण्या बंद पडत गेल्या तसे बॉयलर आणि मेकॅनिक खात्यांतले कारागीरही पांगले, आणि त्यांच्या हाताखाली तयार होणारी पुढची पिढी घडलीच नाही. त्याच जमिनींवर उभ्या राहिलेल्या मॉल आणि कार्यालयांतील लिफ्ट, चिलर (वातानुकूलनासाठी पाणी थंड करणारी यंत्रे) व जनरेटरची देखभाल आता ठेकेदारांकडे असते. करार थोड्या मुदतीचा आणि निविदा सर्वांत कमी दराची असेल, तर नवख्या मुलावर खर्च करायला ठेकेदार धजावत नाही.

रेल्वेत अडचण वेगळी आहे. १९२५ पासून लोकल १५०० व्होल्ट डीसी विजेवर धावत होत्या. २०१६ पर्यंत संपूर्ण उपनगरी जाळे २५ हजार व्होल्ट एसी विजेवर गेले. डीसी मोटरींवर हात बसलेल्या कामगारांना नव्या गाड्यांतील थ्री-फेज एसी मोटरींची यंत्रणा नव्याने शिकावी लागली.

२०१४ मध्ये शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०१६ च्या योजनेनुसार विद्यावेतनाचा काही वाटा केंद्र सरकार उचलू लागले. शिकणाऱ्याची सोय त्यामुळे काही प्रमाणात झाली, पण शिकवणाऱ्या मिस्त्रीला पाळीतून त्यासाठी वेळ मिळावा, अशी तरतूद देखभालीच्या करारांत आजही सहसा नसते.