वेबपानांचे रंग आले कुठून?

१९९३ साली मोझेक हा ब्राउझर वापरणाऱ्याला वेबवरचं प्रत्येक पान राखाडी दिसायचं. विद्यापीठाचं असो, प्रयोगशाळेचं असो की कुणा हौशी विद्यार्थ्याचं, मागची जमीन एकच. तो रंग पान बनवणाऱ्याने निवडलेला नव्हता, कारण निवडायची सोयच नव्हती. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपीय भौतिकी प्रयोगशाळेत एचटीएमएल मांडली ती मजकुराची रचना सांगण्यासाठी: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही लिंक. ते दिसावं कसं, हा वाचणाऱ्याच्या यंत्राचा प्रश्न. शिवाय त्यांनी स्वतःचा पहिला ब्राउझर १९९० मध्ये ज्या नेक्स्ट संगणकावर लिहिला, त्याच्या पडद्याला काळा, पांढरा आणि मधल्या दोन राखाडी एवढ्याच छटा यायच्या. वेबची सुरुवात रंगाशिवाय झाली ती अशी.

मोझेक इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी लिहिला. त्या काळात संगणकावरच्या खिडक्या, बटणं, चौकटी सगळंच राखाडी असे, पानही त्याच रंगात मिसळून गेलं. निळी लिंकही याच ब्राउझरने रुजवली. एप्रिल १९९३ मधल्या ०.१३ आवृत्तीच्या बदलांच्या यादीत एक साधी ओळ आहे: न पाहिलेल्या लिंका निळ्या आणि अधोरेखित, पाहून झालेल्या गडद जांभळ्या. कारण दिलेलं नाही. मला वाटतं, राखाडी जमिनीवर काळ्या मजकुरापासून वेगळा तर उठेल, पण वाचायला त्रास देणार नाही, असा दुसरा रंग हाताशी नसावा. आज ब्राउझर न सांगता लिंकेला जो निळा देतात त्याचं गणित केलं, तर त्याचा पांढऱ्यावरचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि जमीन यांच्या उजळपणाचं प्रमाण, ९.४ भरतो आणि त्या जुन्या राखाडीवर ५.१७. दोन्हीकडे चालून जातो. घाईत घेतलेला निर्णय तीस वर्षं टिकला, त्यामागे हेही एक कारण असणार.

मग १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझरच्या १.१ आवृत्तीने पानाच्या मुख्य टॅगमध्ये बॅकग्राउंडचा रंग, बॅकग्राउंडचं चित्र, मजकुराचा आणि लिंकांचा रंग लिहायची मुभा दिली, आणि धरण फुटलं. आजच्या डिझायनरला ती पानं पाहून हसू येतं: काळ्या आकाशात चमचमत्या चांदण्या, त्यावर पिवळी अक्षरं, मध्येच लाल लिंक. जिओसिटीज या फुकट पानं बनवू देणाऱ्या सेवेवर अशी पानं लाखांनी होती. याहूने ही सेवा १९९९ मध्ये विकत घेतली आणि २००९ मध्ये बंद केली, तेव्हा हौशी जतनकर्त्यांनी धावपळ करून त्या पानांतला बराच भाग उतरवून ठेवला. त्या पानांना नुसतं बटबटीत म्हणून सोडून देणं मला पटत नाही. त्यांच्यामागे काटकसरीचं पक्कं गणित होतं.

२८.८ केबीपीएसचा मोडेम सेकंदाला जेमतेम साडेतीन किलोबाइट आणायचा. ६४० बाय ४८० चा पूर्ण पडदा भरणारं चित्र उतरवायचं तर वाचणारा चहा करून परत आला असता. पण चांदण्यांचा एक छोटा चौकोन दोन-तीन किलोबाइटचा. तो एकदा आला की ब्राउझर फरशीसारखा आडवा-उभा लावत जायचा, पान कितीही लांब असो. जोड दिसू नये म्हणून चौकोनाची डावी कड उजवीशी आणि वरची खालचीशी जुळवावी लागे. त्यात ज्याचा हात बसला तो त्या काळातला कारागीर. याहून हुशार युक्ती होती पट्टीची. चित्र बाराशे पिक्सेल रुंद, पण उंची फक्त काही पिक्सेल. त्यात डावीकडचे दीडशे पिक्सेल निळे, बाकी सगळं पांढरं. पडद्यापेक्षा रुंद असल्याने ते आडवं पुन्हा लागत नसे, फक्त खाली खाली रचलं जायचं, आणि पानाला डाव्या बाजूला अखंड निळी पट्टी मिळायची. मेनू त्यावर, मजकूर पांढऱ्यावर. पुढची अनेक वर्षं साइटींना डावीकडे रंगीत पट्टा असायचा.

भारतात व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, म्हणजे बॅकग्राउंडची ही लाट अमेरिकेत नुकतीच उसळली होती तेव्हा. पण ज्यांच्याकडे स्वस्तातलं शेल खातं होतं त्यांना फक्त मजकूर दिसायचा. चांदण्या असल्या काय, नसल्या काय.

रंग लिहायची मुभा मिळाली, पण पडदे एक कोटी अडुसष्ट लाख रंगांचे सोडाच, अनेकांचे २५६ रंगांचेच होते. त्यातले काही ऑपरेटिंग सिस्टिमने स्वतःसाठी राखून ठेवलेले, आणि विंडोज व मॅक यांचे राखीव रंग वेगवेगळे. पडद्याकडे नसलेला रंग मागितला की ब्राउझर दोन जवळच्या रंगांचे ठिपके शेजारी मांडून तसा भास करायचा. सपाट फिकट बॅकग्राउंड त्यामुळे वाळू पसरल्यासारखं रवाळ दिसे आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचवत नसत. यावर नेटस्केपने काढलेला मार्ग निव्वळ अंकगणिताचा होता. लाल, हिरवा, निळा या तिघांच्या प्रत्येकी सहा पायऱ्या घ्यायच्या, संगणकाच्या सोळाच्या पटीतल्या मोजणीत ००, ३३, ६६, ९९, सीसी आणि एफएफ, आणि तिघांच्या जोड्या ओळीने लिहिल्या की झाला रंगाचा संकेत. सहा गुणिले सहा गुणिले सहा, २१६ रंग. हे कुठेही रवाळ न होता दिसतील, असा विश्वास. लिंडा वाइनमन यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकातून हे २१६ रंग डिझायनरांना वापरता येतील असे मांडले आणि 'वेब-सेफ' हा शब्द घरोघरी पोचला.

या पॅलेटमध्ये डोळ्याच्या सोयीचा विचार नव्हता, आणि ते जाणवायचं. भडक हिरवे ढीगभर, पण पानामागे ठेवता येईल अशा फिकट, उबदार छटा मोजक्याच. हस्तिदंती पांढरा हवा असेल तर एफएफएफएफसीसी, म्हणजे बऱ्यापैकी पिवळा. मधलं काही नाही. म्हणून नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या साइटी पाहिल्या की तोच ३३६६९९ चा निळा, तोच एफएफ९९०० चा नारिंगी, तोच मातकट सीसीसीसी९९ पुन्हा पुन्हा भेटतो. लोक त्याला त्या काळाची आवड समजतात. प्रत्यक्षात ती २१६ खणांची मांडणी होती. २००० साली दोन अभियंत्यांनी निरनिराळ्या यंत्रांवर हे रंग तपासले, तेव्हा सगळीकडे खरोखर सारखे दिसणारे फक्त २२ निघाले. तोवर नवे पडदे आले होते, आणि एका रंगासाठी कुणी अडून बसण्याचं कारण उरलं नव्हतं.

रंगांच्या नावांचा इतिहास तर आणखी गमतीचा. एचटीएमएल ३.२ ने १९९७ मध्ये सोळा नावं अधिकृत केली, ती विंडोजच्या व्हीजीए पॅलेटमधली: नेव्ही, टील, मरून, ऑलिव्ह वगैरे. त्यात नारिंगी नव्हता! बाकीची लांबलचक यादी आली युनिक्स संगणकांवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो प्रणालीतून. १९८९ च्या सुमारास पॉल रेव्हलिंग यांनी तिच्यात सिंक्लेअर कंपनीच्या भिंतीच्या रंगांच्या नमुन्यांवरून फिकट छटा घातल्या, तर जॉन थॉमस यांनी क्रेयोलाच्या ७२ खडूंच्या पेटीवरून आणखी काही. पपायाव्हिप, पीचपफ, ब्लँच्ड आल्मंड अशी खाऊच्या दुकानातली वाटणारी नावं आज प्रत्येक ब्राउझरला तोंडपाठ आहेत ती अशी. पुढे सोळांची यादी आणि ही यादी एकमेकींत मिसळल्या. दोन्हींतला 'ग्रे' वेगळा होता, आणि त्याचा परिणाम असा की आजही 'डार्कग्रे' हा साध्या 'ग्रे'पेक्षा फिकट आहे. नवख्या माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. यादीत 'इंडियनरेड'ही आहे. मूळ नाव भारतातल्या लोहयुक्त तांबड्या मातीच्या रंगद्रव्यावरून पडलेलं. क्रेयोलाने आपल्या खडूवरून ते १९९९ मध्ये काढून टाकलं, कारण मुलांना ते अमेरिकेतल्या आदिवासींच्या कातडीबद्दल वाटत होतं. वेबवर मात्र ते तसंच राहिलं.

या यादीत नंतर एकच नाव भावनेपोटी शिरलं. सीएसएस, म्हणजे पान दिसावं कसं हे सांगणारी भाषा, तिच्यावरचे नामवंत लेखक एरिक मेयर यांची मुलगी रिबेका जून २०१४ मध्ये सहाव्या वाढदिवशीच गेली. तिच्या आवडत्या जांभळ्याला ६६३३९९ या संकेताखाली तिचं नाव द्यावं असं सहकाऱ्यांनी ठरवलं. 'बेका' हे लहान बाळाचं नाव, सहा वर्षांची झाले की मला रिबेका म्हणायचं, असं ती म्हणायची. म्हणून वडिलांनी पूर्ण नावाचा आग्रह धरला, आणि रंग 'रिबेकापर्पल' झाला.

मराठी पानांची अडचण या सगळ्याहून वेगळी होती. सगळ्या लिप्यांसाठी एकच संकेत ठरवणारी युनिकोड पद्धत रुळेपर्यंत वाचणाऱ्याकडे तुमचा फाँट असेलच याची खात्री नसायची, म्हणून शीर्षकं, मेनू, कधी अख्खी कविता जीआयएफ चित्र करून लावायची पद्धत होती. जीआयएफमध्ये एखादा पिक्सेल पूर्ण पारदर्शक तरी असतो नाहीतर पूर्ण भरलेला, अर्धवट काही नाही. अक्षराच्या गोलाईवर कड मऊ दिसावी म्हणून जे मधल्या छटांचे पिक्सेल टाकतात, ते चित्र ज्या बॅकग्राउंडवर बनवलं त्याच रंगाकडे झुकलेले असतात. पांढऱ्यावर बनवलेलं शीर्षक भगव्या पट्टीवर ठेवलं की शिरोरेषेखाली, वेलांटीच्या आत, अनुस्वाराभोवती पांढरट कुरतडलेली किनार उमटायची. बॅकग्राउंड बदलायचं म्हणजे सगळी अक्षरं पुन्हा बनवायची. त्यापेक्षा पान पांढरंच ठेवलेलं परवडे. देवनागरीच्या वाट्याला रंग कमी आले त्यामागे साधेपणाची आवड कमी आणि हे कष्ट जास्त होते, असं माझं मत आहे.

१९९६ च्या डिसेंबरमध्ये सीएसएसची पहिली शिफारस आली आणि रंग मजकुरापासून वेगळ्या फायलीत गेला. ब्राउझरांनी ती नीट पाळेपर्यंत काही वर्षं गेली. पण मोठा बदल घडला तो सौंदर्याच्या बाजूने नव्हे, वाचता येण्याच्या बाजूने. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १९९९ मध्ये सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांनाही पान वापरता यावं यासाठीचे, पहिले निकष काढले तेव्हा 'पुरेसा कॉन्ट्रास्ट ठेवा' एवढंच सांगितलं होतं. पुरेसा म्हणजे किती, यावर भांडायला भरपूर जागा. डिसेंबर २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीने आकडा ठेवला: साध्या मजकुराला ४.५ ला १, मोठ्या अक्षरांना ३ ला १. आधीच्या मानकांमधलं किमान प्रमाण ३ होतं. नजर थोडी अधू झालेल्या माणसासाठी ते दीडपट केलं, म्हणून साडेचार.

हिशोबात हिरव्याला सुमारे ७१.५ टक्के वजन, लालला २१.३ आणि निळ्याला जेमतेम ७.२, कारण डोळ्याला उजेड साधारण त्याच प्रमाणात जाणवतो. आकडा निर्दय आहे. पांढऱ्यावर ७७७७७७ चा राखाडी घेतला तर ४.४८ येतात, नापास. एक पायरी गडद, ७६७६७६ घेतला की ४.५४, पास. दोन्ही शेजारी ठेवून ओळखून दाखवा! आपल्याकडची नेहमीची जोडी तपासली तर आणखी मौज. एफएफ९९३३ या भगव्यावर पांढरी अक्षरं: २.१३. मोठ्या मथळ्यालाही नापास. त्याच भगव्यावर काळी अक्षरं: जवळपास १०. तरीही उत्सवाच्या बॅनरपासून संस्थांच्या साइटींपर्यंत भगव्यावर पांढरंच दिसतं, आणि ग्राहकाला 'काळं करा' म्हटलं की तो दचकतो. अशा वेळी भगवा गडद करत विटकरीकडे नेणं हाच तह.

भारत सरकारने २००९ मध्ये सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. सरकारी पानांच्या वरच्या कोपऱ्यात अक्षर लहान-मोठं करायची आणि कॉन्ट्रास्ट बदलायची बटणं दिसतात ती याच विचारातून. बटण देण्यापेक्षा मूळ रंगच नीट निवडलेले बरे, पण बटण दिलं की काम झालं असं अनेक कार्यालयांना वाटतं.

मोठ्या कंपन्यांनी दरम्यान रंग थेट मोजायला घेतला. गूगलने लिंकसाठी निळ्याच्या ४१ छटा वापरणाऱ्यांवर तपासल्या. तिथले डिझायनर डग्लस बोमन यांनी २००९ मध्ये नोकरी सोडताना या आकडेमोडीला कंटाळल्याचं उघड लिहिलं. फेसबुकच्या निळ्याला असली चाचणी लागलीच नाही. मार्क झुकरबर्ग यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, निळा सगळ्यात स्पष्ट दिसतो, एवढं कारण पुरलं.

आणि आता पडदे पुन्हा काळे होत आहेत. हिरव्या किंवा अंबर अक्षरांचे जुने पडदे काळेच होते, १९८४ च्या मॅकिंटॉशने कागदासारखी पांढरी जमीन घराघरांत नेली होती. २०१८ मध्ये मॅकवर डार्क मोड आला, पुढच्या वर्षी आयफोन आणि अँड्रॉइडवर. सीएसएसला वाचणाऱ्याची पसंती विचारता येऊ लागली, त्यामुळे प्रत्येक साइटीला आता दोन रंगसंगती लागतात. ओएलइडी पडद्यावर काळा पिक्सेल बंदच असतो, त्यामुळे बॅटरीही वाचते. देवनागरीला मात्र इथे जपावं लागतं. काळ्यावर पांढरी अक्षरं डोळ्याला पसरल्यासारखी दिसतात, आणि 'क्ष', 'ष्ठ', 'द्ध्य' यांच्या आतल्या छोट्या मोकळ्या जागा भरून येतात. म्हणून शुद्ध काळ्याऐवजी १२१२१२ च्या आसपासची जमीन, शुद्ध पांढऱ्याऐवजी ई०ई०ई० सारखी अक्षरं आणि ओळींत जरा जास्त अंतर, ही सध्याची रीत. संस्थेचा जुना लोगो पांढऱ्या चौकोनासकट जेपेग असेल, तर डार्क मोडवर तो चौकोन ठिगळासारखा उठून दिसतो. तेव्हा मूळ फाइल शोधायला कुणाला तरी जुन्या छापखान्याला फोन करावा लागतो.