केसांवर रागावलास की नखांवर? करुणाध्यानाची पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यात आळत्याजवळ, रामलिंगच्या रस्त्याला ‘धम्मालय’ हे विपश्यना केंद्र आहे. तिथलं शिबिर दहा दिवसांचं. आधी श्वास, मग अंगावरच्या संवेदना, आणि तोंडाला कुलूप. दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटतं, पण सुटण्याआधी एक वेगळी गोष्ट शिकवतात: मंगल मैत्री. इतके दिवस स्वतःच्या आत बघून झाल्यावर मन सगळ्यांच्या भल्याकडं वळवायचं. शिबिरातून आलेली माणसं गुडघ्यांचं, पाठीचं भरभरून सांगतात, या शेवटच्या बैठकीविषयी फारसं बोलत नाहीत. मला मात्र तीच बैठक सगळ्यांत मोलाची वाटते. ती आली कुठून, हे शोधत मागं मागं गेलं की वाट फिरून पुन्हा याच तालुक्यात येते.

जवळचा दुवा सोपा आहे. सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) यांनी ही साधना ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून घेतली आणि १९६९ साली भारतात आणली. १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी उभं राहिलं.

त्यामागचा धागा सुत्तनिपात या जुन्या पाली ग्रंथातल्या करणीयमेत्तसुत्तापर्यंत जातो. अट्ठकथेत, म्हणजे त्यावरच्या जुन्या टीकेत, त्याचा प्रसंग दिला आहे. काही भिक्खू अरण्यात साधनेला बसले, तिथल्या वृक्षदेवतांनी त्यांना भेडसावून पळवून लावलं. ते बुद्धांकडं आले, दुसरी जागा द्या म्हणाले. बुद्धांनी त्यांना परत तिथंच पाठवलं, सोबत हे सुत्त देऊन. म्हणजे मैत्रीची भावना आधी भीतीवरचा उतारा म्हणून आली. आई एकुलत्या लेकराला जिवापाड जपते, तसं मन सगळ्या जिवांविषयी असावं, ही त्यातली ओळ आज आपल्याकडच्या बुद्धविहारांत परित्राणपाठात, म्हणजे रक्षणासाठी म्हणायच्या सुत्तांत, ऐकू येते.

पण भावना चांगली असणं वेगळं आणि ती रोज घडवणं वेगळं. तिचा सराव कसा करायचा हे बारकाईनं लिहून ठेवलं पाचव्या शतकात, श्रीलंकेत, आचार्य बुद्धघोषांनी. त्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाचं नववं प्रकरण त्यासाठीच आहे. सुरुवात स्वतःपासून. मग ज्याच्याविषयी आदर आहे तो, मग जिवलग, मग ओळख ना देख असा कुणी, आणि शेवटी वैरी. क्रम मोडायचा नाही. मृत माणसावर ही भावना करू नये, असंही ते बजावतात. वैऱ्यापाशी आल्यावर राग उसळणारच, हे धरून त्यांनी एकामागून एक उपाय दिले आहेत. एक असा: बाबा, तू नेमका कशावर रागावलास? त्याच्या केसांवर? की नखांवर? माणूस असा सुटा करून बघितला की रागाला टेकायला जागा उरत नाही. तरीही जमत नसेल तर त्याला काहीतरी भेट दे, किंवा त्याच्याकडून घे. हा शेवटचा उपाय मला फार माणसाळलेला वाटतो. बांधावरून अबोला धरलेल्या दोन घरांत कढीपत्त्याच्या एका डहाळीनं बोलणं सुरू झालेलं मी पाहिलं आहे.

पुढं एक कसोटी आहे. तू, तुझा जिवलग, एक परका आणि एक वैरी असे चौघे बसले आहात. दरोडेखोर येऊन म्हणाले, बळी द्यायला एकजण द्या. वैऱ्याला न्या म्हणालास तर भावना कच्ची. पण ‘मला न्या’ म्हणालास, तरीही कच्चीच. चौघांपैकी एकालाही देण्याजोगं वाटू नये, तेव्हा आपपराची सीमा तुटली. आपल्याकडं करुणा म्हटलं की स्वतःला पुसून टाकणं अशी समजूत असते. घरातल्या बायकांवर तर ती लादलीच जाते. दीड हजार वर्षांपूर्वीचा हा ग्रंथ तिला सरळ नकार देतो. याच ग्रंथाची मूळ पाली आवृत्ती संपादित करण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे: गोव्यातून बुद्धाच्या शोधात निघालेले धर्मानंद कोसंबी. हार्वर्डची ती आवृत्ती १९५० मध्ये, त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी निघाली.

बौद्ध परंपरेतले मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या चांगल्यात आनंद), उपेक्षा (दुर्लक्ष नव्हे, समतोल) हे चार शब्द पतंजलींच्या योगसूत्रातही आहेत (१.३३). सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, अशी त्यांची जोडणी. आणि जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात मैत्री, प्रमोद, कारुण्य, माध्यस्थ्य. आमच्या भागात हे पुस्तकात राहिलेलं नाही. कुंभोजच्या बाहुबलीची २८ फुटांची संगमरवरी मूर्ती ज्या डोंगरापाशी उभी आहे, त्याच्या आसपासच्या गावांत घरोघरी सामायिक, म्हणजे ठरावीक वेळ शांत बसून करायची जैन साधना, चालतं. आमच्या शेजारच्या अक्का दिवस मावळायच्या आत जेवण उरकून खिडकीशी बसायच्या. दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं. ‘सत्त्वेषु मैत्रीं गुणिषु प्रमोदम्’ हा आचार्य अमितगतींचा श्लोक त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकला की मला अर्थाआधी चाल पाठ झाली. एकदा विचारलं, रोज तेच तेच काय म्हणता? त्या म्हणाल्या, “भांडं रोज घासतोस की न्हाई?” पर्युषणानंतर एकमेकांची क्षमा मागायच्या क्षमावाणीच्या दिवशी त्या पहिल्यांदा जायच्या ते भाऊबंदकीत कोर्टापर्यंत गेलेल्या दिराच्या घरी.

‘भूतां परस्परें पडो मैत्र जीवाचें’ हे तर शाळेच्या प्रार्थनेतून प्रत्येकाच्या कानावर पडलेलं आहे. त्याविषयी जास्त सांगायला नको.

याच तालुक्यातल्या माणगावला २१ आणि २२ मार्च १९२० रोजी बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते आणि शाहू महाराज तिथं जातीनं आले होते. ३६ वर्षांनी बाबासाहेबांनी नागपुरात बुद्धधम्म स्वीकारला. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ते करुणेपुढं मैत्रीची पायरी मांडतात: करुणा माणसांपुरती, मैत्री प्राणिमात्रांपर्यंत. ज्यांना शतकानुशतकं पाणवठ्यावर येऊ दिलं नाही त्यांनी सगळ्यांच्या सुखाची कामना करावी, यात केवढं बळ लागतं याचा विचार ध्यानाविषयी बोलताना फारसा होत नाही. तो व्हायला हवा.

प्रयोगशाळांचा भाग अगदी अलीकडचा. दलाई लामा आणि शास्त्रज्ञांच्या बैठका १९८७ पासून धरमशाळेत सुरू झाल्या. २००४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात रिचर्ड डेव्हिडसन यांच्या गटानं हजारो तास साधना केलेल्या आठ जणांच्या मेंदूच्या लहरी करुणाध्यानात असताना मोजल्या. गॅमा लहरी नवशिक्यांपेक्षा कितीतरी जोरकस निघाल्या. २००८ मध्ये बार्बरा फ्रेड्रिक्सन यांनी नोकरदार माणसांना सात आठवडे मैत्रीध्यान शिकवलं, तेव्हा त्यांच्या रोजच्या आनंदात हळूहळू भर पडत गेली. असे बरेच अभ्यास थोड्या माणसांवर, थोड्या आठवड्यांचे आहेत. डॉक्टरांच्या गोळीऐवजी ध्यान, असं त्यांच्या भरवशावर कुणी सांगू नये.

एक अभ्यास मात्र मला थेट उपयोगी पडला. त्यासाठी ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगावा लागेल. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शाळेतल्या निवारा केंद्रात मी मदतीला होतो. नदीकाठच्या गावातले एक काका कोपऱ्यात बसून होते, हातात म्हशीचं तुटकं दावं. दिवसभर ते दाव्याची गाठ सोडायचे आणि परत मारायचे. मी त्यांच्या शेजारी बसलो, रडलो, आणि चौथ्या दिवशी घरी येऊन फोन बंद करून झोपलो. परत गेलोच नाही. त्याची बोच पुष्कळ दिवस होती.

जर्मनीत तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी २०१४ मध्ये मांडलेलं असं: दुसऱ्याचं दुःख नुसतं आपल्यात ओढून घ्यायची सवय लावली तर माणूस खचतो. त्याच माणसांना नंतर करुणेचा सराव दिला की मन सावरतं, आणि मेंदूतला जागा होणारा भागही वेगळा असतो. अशा शोकाला बुद्धघोषांनी करुणेचा ‘जवळचा शत्रू’ म्हटलं आहे. क्रूरता हा लांबचा शत्रू, लगेच ओळखू येतो. शोक मात्र करुणेसारखाच दिसतो, म्हणून फसवतो.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं. तोवर मी रोज पंधरा मिनिटं बसायला लागलो होतो, पहिलं नाव स्वतःचं घेऊन. या वेळी केंद्रात एक मावशी होत्या. म्हशी उंचावर नेऊन बांधल्या होत्या, पण दोन दिवस वैरण नव्हती. डोळे माझेही भरले. मग वैरणीची गाडी कुठं थांबते ते विचारून आलो, आणि त्यांच्याबरोबर तिथवर चालत गेलो.