लाल बटणातलं लोडशेडिंग

गेल्या आठवड्यात अंबड एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये पॉवर प्रेसला मॉड्युलर सेफ्टी कंट्रोलर (धोका दिसला की मशीन थांबवणारा, सुटे मॉड्युल जोडून केलेला डबा) बसवत होतो, तर तिथला हेल्पर म्हणाला, सर इमर्जन्सी स्टॉपच्या एका लाल बटणाला चार वायरी कशाला, दोनात बंद होतंच की. होतं ना. वायर धड आहे तोपर्यंत होतं.

मुळात हे बटण दाबल्यावर सप्लाय सुरू होत नाही, तुटतो. एरवी त्यातून २४ व्होल्ट सतत कंट्रोलरला मिळत असतात, त्यामुळे उंदराने वायर कुरतडली तरी मशीन थांबणारच. भीती तुटण्याची नाही, चिकटण्याची आहे. केबल चेंगरली, आतल्या वायरी एकमेकींना टेकल्या की बटण दाबूनही सप्लाय चोरवाटेने पोचतो. म्हणून बटणाच्या आत सप्लाय तोडणारे दोन कॉन्टॅक्ट, कंट्रोलरपर्यंत दोन वेगळ्या वाटा म्हणजे दोन चॅनल, एक फसला तर दुसरा थांबवतो आणि दोघांचं जुळत नाही हे कंट्रोलरला कळतं.

पण बटणाच्या पुढे दोन्ही चॅनल एकमेकांनाच चिकटले तर? आज बटण दाबलं की दोन्ही कॉन्टॅक्ट उघडतात, मशीन थांबतं, फॉल्ट लपून राहतो. उद्या त्यातला एक कॉन्टॅक्ट जाम झाला की त्या एकाच वाटेने दोन्ही इनपुट चालू, दोघांचं एकमत, आणि मशीन पण चालूच!

यावरचा उपाय मला फार आवडतो. लोडशेडिंगचे दिवस आठवा, तुमची लाइट सकाळी जायची, मागच्या गल्लीची दुपारी. समजा सकाळी तुमची लाइट जायची वेळ झाली आणि बल्ब लुकलुकलासुद्धा नाही, तर मागच्या गल्लीतून कोणीतरी वायर ओढलीय हे नक्की. कंट्रोलर हेच करतो. दोन चॅनलला स्वतःच्या दोन वेगळ्या टर्मिनलमधून, म्हणजे टेस्ट आउटपुटमधून, सप्लाय देतो आणि आळीपाळीने प्रत्येकाचा अगदी क्षणभर, मिलिसेकंदांच्या हिशोबात, बंद करतो. ती खाच इनपुटला दिसलीच पाहिजे. नाही दिसली तर शेजारच्या चॅनलने ती भरून काढली, म्हणजे शॉर्ट. बटण कोणी दाबायची वाट बघायची गरजच नाही.

हे सगळं कंट्रोलरला सांगावं लागतं. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉड्युल पॅनलमधल्या पट्टीवर आहेत त्याच क्रमाने मांडायचे, कुठल्या इनपुटला कुठला टेस्ट आउटपुट ते वायरिंगप्रमाणेच द्यायचं (पहिल्या दिवशीचे फॉल्टचे निम्मे लाल दिवे इथेच), दोन चॅनल बदलण्यात किती वेळाचा फरक चालेल ते भरायचं, कॉन्टॅक्टर (मोटरचा सप्लाय जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) खरंच सुटला का याचा फीडबॅक घ्यायचा, आणि रिसेट बटण दाबल्यावर नाही तर सोडल्यावर धरायचा, नाहीतर कोणीतरी काडी खोचून ठेवतोच. शेवटी चेकसम, म्हणजे या सगळ्या सेटिंगवरून सॉफ्टवेअर काढतं तो आकडा, रजिस्टरला लिहायचा, कोणी गुपचूप काही बदललं तर तो बदलतो.

पॅनलच्या दारावर खंडेनवमीचं लिंबू-मिरची होतं. असू दे, पूजेला माझी ना नाही, पण चेंगरलेली केबल लिंबाला दिसत नाही. मालकांचं वेगळंच, कंट्रोलरवर सिल ३ (सेफ्टीची एक लेव्हल) छापलंय म्हणजे मशीन सेफ झालं! अहो, ती लेव्हल बटण, वायर, कंट्रोलर, कॉन्टॅक्टर अशी अख्खी साखळी मिळून ठरते, मशीनसाठीच्या आयईसी ६२०६१ या स्टँडर्डमध्ये हिशोब त्याचाच आहे.

मग मशीन रिकामं चालू ठेवलं आणि टर्मिनलवर दोन चॅनलमध्ये त्या हेल्परलाच जम्पर, म्हणजे जोडणारा वायरचा तुकडा, लावायला सांगितला. बटणाला कोणाचा हात नाही, तरी खटकन मशीन बंद. तो रिसेट दाबत बसला, घेईना. जम्पर काढला, लाल बटण एकदा दाबून सोडलं, तेव्हा कुठे रिसेट घेतला.